दुहेरी बंध आतल्या अंगाला

३ सप्टेंबर, मंगळवार

परत तेच! पुदिन्याच्या तेलातून मिळणाऱ्या कीटोनवर आज पुन्हा ईन अभिक्रिया (दुहेरी बंध सरकवणारी) लावली आणि पुन्हा नको तोच पदार्थ हाती आला. दुहेरी बंध बाहेरच्या टोकाला सरकायला हवा. पुस्तकात तसंच आहे, लिंबाच्या तेलावर मी स्वतः केलं तेव्हाही तसंच झालं. इथे मात्र तो आत, कार्बनच्या कड्याला चिकटून बसतो. का? देव जाणे. (देव मानत नाही मी, पण आज आठवला!)

हरेशसर रिपोर्ट बघून म्हणाले, "वैष्णवी बेटा, बघायला गेलो धाकटी आणि मंडपात आली मोठी! अब क्या करें?" दुसरा मालक असता तर आवाज चढला असता. अंबरनाथच्या एवढ्याशा कारखान्यात अगरबत्तीचे वास बनवणारा माणूस मला स्वतंत्र टेबल देतो आणि वर चेष्टाही करतो. नशीब माझं.

५ सप्टेंबर

घरी आले तर जिन्यातच गॅसचा वास! धावत वर गेले. सासूबाई ओट्यापाशी आरामात मेथी निवडत बसलेल्या. शेगडी विझलेली, बटण चालू. खिडकी उघडी होती म्हणून वाचलो. कोविडमध्ये त्यांचा वास गेला तो गेलाच. काय झालं ते कळल्यावर मेथी तशीच टाकून आत जाऊन बसल्या.

जेवताना राजेंद्र म्हणाला, "आईला एकटं ठेवून चालणार नाही आता. कुणीतरी एकाने घरी राहायला हवं." हे सगळं ताटाकडे बघत. कुणीतरी एक म्हणजे कोण, ते दोघांनाही ठाऊक आहे.

६ सप्टेंबर, शुक्रवार

शुक्रवार, म्हणून कारखान्यांना लाईट नाही, आठवड्याची वीजकपात. थंडावा देणारा चिलर बंद, अभिक्रिया बंद, मी घरी. शेगडीचं बटण तीनदा तपासलं.

९ सप्टेंबर

डॉक्टरांनी आईंना रोज चार वास हुंगायला सांगितलेत — लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. परत येईल किंवा येणारही नाही, म्हणाले. लॅबमध्ये आम्ही वास तपासायला कागदी पट्ट्या वापरतो, त्याच मी तेलात टोक बुडवून आणते. आई डोळे मिटून एकेक नाकाशी धरतात आणि निकाल देतात. "कागद." दुसरी — "कागद." चौथीपर्यंत तेच.

राजेंद्र एकदा आईंना म्हणाला, "अगं, म्हण ना लवंग! वैष्णवीला तरी बरं वाटेल."

"खोटं कशाला बोलू? आला तर सांगीन ना."

एके काळी सुकटीपासून वर्षाच्या मसाल्यापर्यंत सगळं या बाईच्या नाकावर पास-नापास व्हायचं! आता संध्याकाळी बुद्धवंदनेला अगरबत्ती लावतात आणि धूर दिसला की पेटली असं समजतात. आमची सोनू तान्ही होती तेव्हा यांनीच मला एम.एस्सी.ला पाठवलं. "तू जा, पोरगी माझी." उपकार म्हटलं तर रागावतील. पण आहेत उपकार, आणि मला ते मानायला आवडतं.

घरी राहायचं ठरलं तर राग नाही धरायचा. ठरवलंय. (टेबल आठवेलच.)

१२ सप्टेंबर

सापडलं बहुतेक! कीटोनचा ऑक्सिजन! त्याला मी लांब बसलेला पाहुणा समजत होते. तोच उत्प्रेरकाला धरून ठेवत असणार. लग्नात एखादी मावशी हाताला धरून आपल्याच पंगतीत बसवते, तसा हा हायड्रोजन आतूनच काढायला लावतो आणि बंधही आतच बनतो. आता त्याला झाकून बघायचं.

१८ सप्टेंबर

जमलं! कीटोन झाकला आणि बंध मुकाट बाहेर गेला. सरांनी कॅम्प तीनच्या मिठाईवाल्याकडून मिठाई मागवली. तोंडात घास असतानाच मी सांगून टाकलं — महिनाअखेर नोकरी सोडतेय, घरी आईंजवळ कुणीतरी हवं.

सरांनी हातातली मिठाई खाली ठेवली. मग म्हणाले, "घर पहिले. पण टेबल तुझंच, दुसऱ्याला नाही देणार." मला रडू आलं. त्यांनी घाईघाईने मिठाईचा डबा पुढे केला. "और वो बडी वाली? फेकू नको. तिचा वास तरी घे."

खरंच की! त्या नकोशा पदार्थाचे इतके दिवस नुसते रिपोर्ट वाचले, नीट हुंगलं कुणीच नव्हतं. पट्टी बुडवली. ओल्या लाकडासारखा वास, मागून चिंचेच्या पाल्यासारखं काहीतरी. पुन्हा हुंगायची म्हणून नंबर टाकून पर्समधल्या पाकिटात ठेवली.

१९ सप्टेंबर

घाईत आईंच्या हातात लवंगेऐवजी ती कालची नंबरची पट्टी गेली. नंबर दिसला तशी मी घाबरले. हा पदार्थ अजून धड तपासलेलाही नाही! "आई, ती नको, चुकून आली" म्हणत हात पुढे केला.

त्यांनी माझा हात बाजूला सारला. डोळे मिटलेलेच होते.

"हा कागद नाही," म्हणाल्या.