दुएचा भूगोल

आई, मागच्या आठवड्यात मी दुएला जाऊन आले. उत्तर फ्रान्समधलं ते गाव. शाळेच्या एक्स्चेंजमध्ये आपल्याकडे आठवडाभर राहिलेली मुलगी तिथली होती. मी तेरा वर्षांची होते. तू आधी साताऱ्यात भूगोल शिकवायचीस आणि लंडनला आल्यावर हॅरोत शाळेच्या किचनमध्ये मुलांना जेवण वाढायचीस. या दोन्ही बाया एकच, हे तेव्हा माझ्या लक्षात येत नसे.

पहिल्याच संध्याकाळी तू भात लावलास, हात पुसलेस आणि ॲटलास उघडून तिच्यासमोर बसलीस. तुझं इंग्रजी तिला कळत नव्हतं, म्हणून मध्ये मी, माझं शाळेतलं फ्रेंच घेऊन. विचार तिला, म्हणतेस, नदी कुठून येते, जमीन कशी आहे, लोक कशावर जगतात. तुझा आवाज बदललेला आहे, कामावरून आल्यावरचा तो नाही. मुलगी नकाशावर बोट ठेवून बोलू लागते. बराच वेळ बोलते. मध्येच तिचे डोळे भरतात.

"काय म्हणाली?"

"सपाट आहे म्हणे. नदी आहे."

"एवढंच? इतकं बोलली की ती."

"फ्रेंच लांबच असतं, आई."

"आणि रडली कशाला?"

"घरची आठवण."

"अगं, स्वतःच्या गावाचं एवढंच माहीत? आठवीत नापास केली असती हिला." तू हसलीस, ॲटलास मिटलास आणि तिच्या भातावर दोनदा तूप घातलंस. त्यानंतर तू कुणाला त्याच्या गावाबद्दल विचारल्याचं मला आठवत नाही.

दुए खरंच सपाट आहे. नदीला दगडी काठ बांधलेत, पाणी हलतंय असं वाटत नाही. गावाबाहेर टेकड्या दिसतात, पण त्या कोळशाच्या खाणींतून उपसलेल्या दगडमातीचे ढीग आहेत. त्यांवर आता झाडं आहेत. खाणी बंद झाल्या. एकेकाळी इथे स्पेनच्या राजाची सत्ता होती. त्यानं विद्यापीठ काढलं, आणि इंग्लंडमध्ये ज्यांना आपला धर्म पाळता येईना ते कॅथलिक इथे येऊन शिकले. हे तू वर्गात रंगवून सांगितलं असतंस. घंटाघराची तिकिटं देणारी बाई माझ्याच वयाची होती. ढिगांबद्दल विचारलं तर इंग्रजीत म्हणाली, "आम्ही सगळ्या आजोबांचा खोकला ऐकत मोठ्या झालो. माझे आजोबा खाली खाणीतच राहिले." मी घंटाघरावर चढले नाही. बाहेर बाकावर बसून राहिले.

हे पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं असतं का, सांगता येत नाही. इतकी वर्षं मी धरून चालले होते की मला कंटाळा आला होता, म्हणून तिचं बोलणं मी आटोपतं घेतलं. तसं नव्हतं. मला तिचं बोलणं कळलंच नव्हतं. तू ज्याला त्याला सांगायचीस, हिला फ्रेंच छान येतं. त्या टर्मचे माझे फ्रेंचचे मार्क शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या पेपरातून आले होते.