विहारातलं निळं कार्पेट

२१ एप्रिल

नाही म्हणजे नाही म्हणे! रामदासकाका, म्हणजे आमच्या विहार कमिटीचे सेक्रेटरी, आज जिन्यात भेटले. म्हटलं, काका, जयंतीच्या गर्दीत विहारातल्या कार्पेटचं पार वाटोळं झालंय. मेणबत्त्यांचं मेण, सरबत, चहा — काय नाही त्यावर! बुद्धपौर्णिमेच्या आत मी धुऊन देते. फुकट.

काका चष्म्यावरून बघत राहिले. "मित्रा, तू भिवादादांची मुलगी. अध्यक्षांची मुलगी विहारात फरशी घासायला बसणार? बरं दिसतं का?"

फरशी नाही काका, कार्पेट. आणि बसणार नाही, उभ्यानं मशीन चालवणार.

"तेच गं ते."

तेच नाही! पण हातात भाजीच्या पिशव्या होत्या. जिन्यात किती भांडणार?

२२ एप्रिल

अर्थात बाबांच्या कानावर गेलंच. जेवताना एकच वाक्य — "बाहेर काय करायचं ते कर. विहारात नको."

बाबांचं मला कळत नाही असं नाही. आजी रस्ते झाडायची. बाबा गिरणीत लागले आणि त्यांनी घरात जाहीर केलं — आता या घरातलं कोणी दुसऱ्याची घाण काढणार नाही. आम्हाला शिकवलं तेही त्याच हट्टानं. आणि मी काय केलं? बी.कॉम. झाले, एका हाउसकीपिंग कंपनीत सुपरवायझरी केली आणि मग स्वतःची मशीनं घेतली. कार्पेट, सोफे, टाइल्स. घरं आणि ऑफिसं. व्हॅनवर मोठ्या अक्षरात — संघमित्रा क्लीनिंग. ती व्हॅन आमच्या बिल्डिंगखाली उभी असली की बाबा समोरच्या फुटपाथनं जातात.

जाऊ देत. आजीला झाडू दुसऱ्यांनी दिला होता. मशीन मी निवडलंय. मला माझ्या कामाची लाज वाटत नाही आणि माझ्या वाटची लाज कोणी दुसऱ्यानं वाटून घ्यायचीही गरज नाही.

२६ एप्रिल

करी रोडच्या नव्या टॉवरमध्ये सोफा आणि बाथरूमच्या टाइल्स. सोबत शेफाली. ती कफ परेडच्या मच्छीमार नगरातली, आई अजून मासळी विकते. माझ्या धंद्यात पहिल्या दिवसापासून आहे. अंगात जोर असा की ओली गादी एकटी उलटते.

मॅडम फार गोड. पाणी दिलं, पंखा लावला. मग हळूच — "नाव काय तुमचं?"

संघमित्रा.

"पुढे?"

पुढे क्लीनिंग. खाली व्हॅनवर लिहिलंय.

शेफाली तोंडाला फडकं लावून बाथरूममध्ये पळाली. लिफ्टमध्ये म्हणते, "ताय, तू एक दिवस आपला धंदा बुडवशील गो!" नाही बुडत. सोफा असा काही निघाला की मॅडमनी जाता जाता बहिणीचा नंबर दिला.

३० एप्रिल

रामदासकाका स्वतः घरी आले! बाहेरच्या कोणालाही पौर्णिमेआधी वेळ नाही. "तूच कर बाई. फक्त एक — दार लावून घे. लोक बघतात."

मी म्हटलं करते. दाराचं काही बोलले नाही.

बाबा आतल्या खोलीत होते. ऐकलं असणार. बाहेर आले नाहीत. आईनं काकांना चहा दिला आणि मला डोळ्यांनी खुणावलं — गप्प बस. बसले. एकदाच.

५ मे

केलं! दोन्ही दारं सताड उघडी ठेवून केलं!

आधी कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं घासून पाहिलं. रंग उतरला नाही. मग मेण. बर्फ लावून कडक करायचं, खरवडायचं, उरलेल्यावर कागद ठेवून गरम इस्त्री. मूर्तीसमोरच्या पट्ट्यात किती वर्षांचं मेण होतं देव जाणे — देव कसला, कमिटी जाणे! मग शॅम्पू, ब्रश आणि शेवटी मशीननं सगळं पाणी ओढून घेतलं. टाकी उघडली तर आत काळा चहा. शेफाली म्हणाली, "आमच्या बंदरातला पानी बरा याच्यापेक्षा!"

दारात बायका जमल्या. बघू देत. मी पदर खोचून मधोमध उभी. आत मूर्ती शांत, बाहेर सगळ्या कुजबुजतायत.

आणि कार्पेट! आम्ही लहानपणापासून त्याला गडद निळं समजत होतो. गडद कसलं, मळ होता तो. खाली छान हलका निळा निघाला, दुपारच्या आभाळासारखा. मला रडूच आलं. कामावर रडायची ही पहिलीच वेळ.

७ मे

घ्या! भिवाच्या पोरीनं कार्पेटचा रंग घालवला — हे आता बिल्डिंगभर. नळावर तेच, वाण्याकडे तेच. "निळा म्हणजे आपला रंग, तोच धुऊन टाकला!" अरे, मूर्तीच्या टेबलाखाली बघा ना, तिथे कधी कोणाचा पाय पडला नाही, तिथला रंग असाच आहे! वाकून बघायला कोणी तयार नाही. बोलायला सगळे.

८ मे

बाबांनी आज विचारलं. "खरंच गेला का रंग?"

नाही.

"लोक म्हणतायत."

म्हणू देत लोकांना!

त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. एकदा तरी म्हणावं माणसानं, माझी मुलगी असं करणार नाही. ते म्हणाले नाहीत. फार लागलं मला ते. इथे लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

११ मे

पांढरी साडी इस्त्री केली. उद्या पौर्णिमा. हलक्या निळ्यावर पांढरं काय शोभेल!

१२ मे

कसं लिहू.

सकाळी विहार गच्च भरलेलं. सगळे पांढऱ्यात. मी पाय टाकला आणि चमकले — कार्पेट पुन्हा गडद! आत अंधार आहे म्हणून वाटलं असेल, असं स्वतःला सांगितलं. वंदना झाली, प्रवचन झालं. मे महिना, पंखे गरम हवा फेकणारे, सगळे घामानं थबथबलेले. मग सगळे उठले.

रामदासकाका समोर होते. त्यांचा पांढरा लेंगा मागून निळा! आधी एक पोरगी हसली. मग सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी बघितल्या. साड्या, सदरे, लेंगे, लहान मुलांच्या चड्ड्या — बसलेला प्रत्येक माणूस बसायच्या जागी निळा! हसू क्षणभरच टिकलं. मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

माझीही साडी निळी होती. ती कोणी बघितली नाही.

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे.

१३ मे

सकाळीच जाऊन कार्पेटवर ओलं फडकं घासलं. फडकं निळं झालं, बोटं निळी झाली. हा कार्पेटचा रंग नाहीच. त्या दिवशी उतरला नाही तो आज कसा उतरेल? वास घेतला, पाण्यात पिळून बघितलं. नीळ! पांढऱ्या कपड्यांना देतात ती, बाटलीतली नीळ! कोणीतरी कार्पेटला नीळ दिली!

रामदासकाकांना जाऊन सांगितलं. हसले. "मित्रा, कार्पेटला कोण नीळ देतं?" घरी आईला सांगितलं, तिचंही तेच. "असं कोण करेल गं?"

असं आमच्यातलंच कोणीतरी करेल! ज्याला वाटलं की निळा फिका पडला, ज्याच्या घरात नीळ आहे, ज्याला बिचाऱ्याला माहीत नाही की ती कार्पेटच्या धाग्यांत तशीच बसून राहते. बाहेरच्या कोणाला हे सुचणारच नाही. जो कोणी असेल तो प्रेमानंच करून गेला असणार, हेही मला दिसतंय. पण त्यानं तोंड उघडावं ना!

१५ मे

कमिटीचा निरोप. रविवारी सभा. मी सगळ्यांसमोर माफी मागायची.

मागणार नाही. नीळ मी दिली नाही. कार्पेट पुन्हा धुऊन देईन, ज्यांना हवं त्यांचे कपडेही धुऊन देईन, पण न केलेल्या गोष्टीची माफी नाही म्हणजे नाही.

आई रडली. "बापाच्या अध्यक्षपदाचा तरी विचार कर." बाबा पौर्णिमेपासून नीट जेवत नाहीत, बोलत नाहीत. माझी लाज वाटते, दुसरं काय!

१६ मे

आई आज म्हणाली, तू माफी नाही मागितलीस तर तुझे बाबा मागतील.

म्हणजे माझ्या वतीनं. म्हणजे माझ्या बापानं सगळ्यांसमोर कबूल करायचं की मित्राला काम येत नाही. ठरलं मग. बाबांनी माझ्या वतीनं माफी मागितली तर मी हे घर सोडणार. त्याच दिवशी. कॉटन ग्रीनला एक खोली बघून ठेवली आहे.

शेफालीला सांगितलं. "कॉटन ग्रीन कशाला गो? आमच्याकडं ये. फक्त सुक्या मासळीच्या वासाची तक्रार करायची नाय." मी हसले आणि मग हसता हसता गाडीतच रडले. तिनं गाडी बाजूला घेऊन उभी केली.

१८ मे

सभा. रामदासकाकांनी विषय काढला. मी उठायच्या आत बाबा उठले. म्हणाले, "माफी मी मागतो."

मी दाराकडे निघाले. झालं, संपलं.

"मित्राच्या वतीनं नाही," बाबा म्हणाले. "नीळ मी दिली. पौर्णिमेच्या आदल्या दुपारी. गुडघ्यावर बसून, फडक्यानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतके दिवस सांगायला तोंड उघडेना. लोक म्हणत होते, भिवाच्या पोरीनं रंग घालवला. ते मला ऐकवत नव्हतं."