बारमाही टायर

प्रिय कप्तानबाई,

पत्र बघून हसशील. शहराच्या या टोकाला मी, त्या टोकाला तू, दोघींच्या हातात फोन, आणि वहिनीला कागद-पेन सुचलंय. हस खुशाल. पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. मी काही गंभीर बोलायला लागले, की "बरं वहिनी, ठेवते, दूध उतू जातंय." तुझ्या घरी एवढं दूध येतं तरी कुठून, ते एकदा मला सांग. कागद मध्येच ठेवता येत नाही, म्हणून आज कागद.

आधी बातमी. गाडीला नवे टायर घातले. चारही. एरवी अशा कामाचा पहिला फोन तुला आला असता. घरात बस चालवणारी नणंद असताना टायरचं दुसऱ्याला विचारणं म्हणजे तुझा अपमानच. या वेळी मुद्दाम विचारलं नाही. का, ते पुढे येईल.

झालं असं. पडदे लावायचं एक काम आटपून मी डोंगरावरून खाली येत होते. पाऊस थांबला होता, पण रस्ता ओला होता आणि वळणावर झाडांचा पाला पडला होता. उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी थांबेचना. तिला काही घाईही नव्हती, एखादी म्हातारी फरशीवर पाय घसरत जाते तशी ती आपली सावकाश कठड्याकडे निघाली. मी ब्रेक सोडला, स्टेअरिंग सरळ धरलं, परत हलके दाबला, तेव्हा कुठे ती कडेच्या खडीत जाऊन उभी राहिली. समोरून कुणी येत नव्हतं, म्हणून आज हे लिहिते आहे. ब्रेक सोडायचा, हे त्या क्षणी मला कुणी सांगितलं असेल असं तुला वाटतं? तूच. तुझाच आवाज कानात होता, "वहिनी, घसरली की तिच्याशी भांडू नकोस, तिला आधी जमीन सापडू दे."

घरी आले आणि लेकीला म्हटलं, जरा टायर बघ. तिनं एक नाणं खाचेत उभं करून पाहिलं. नाण्याची नुसती कडच बुडाली. म्हणाली, "आई, हे टायर नाहीत, हे गोटे आहेत." तुझा दादा दारात उभा होता. त्यानं काठीनं चाक चाचपलं. एके काळी तो टायर झिजायच्या आधीच बदलायचा. डोळ्यांनी दगा दिल्यापासून गाडीखाली वाकून बघणंच त्यानं सोडलं होतं. आणि मी? माझं लक्ष पेट्रोलच्या काट्यावर. टायर हे बाहेरचं खातं, असं उगाच मनात बसलं होतं.

तुला आठवतं ना, डॉक्टरांनी काचबिंदूचं सांगितलं ती संध्याकाळ? बाजूचं दिसणं गेलंय, आता गाडी चालवायची नाही, एवढंच ते म्हणाले. दादानं घरी येऊन किल्ली खुंटीला अडकवली आणि आठवडाभर तिच्याकडे पाहिलं नाही. मला तर क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हेही ठाऊक नव्हतं. दुकानातले कापडाचे गठ्ठे रिक्षातून आणायचे की टेम्पोतून, लेकीला क्लासला कोण सोडणार, त्याला डॉक्टरकडे कसं न्यायचं, याच विचारात मी होते. घरातल्या प्रत्येकाकडे सल्ला होता. गाडी विकून टाका, ड्रायव्हर ठेवा, या वयात कुठे शिकतेस. तू एक दिवस ड्युटी संपवून युनिफॉर्मवरच आलीस, खुंटीवरची किल्ली काढलीस आणि म्हणालीस, "वहिनी, चपला नको, पायात बूट घाल."

बंद पडलेल्या मंडईमागचं ते पटांगण. तू दादाला सोबत येऊ दिलं नाहीस, "एका विद्यार्थिनीला दोन मास्तर नकोत" म्हणून घरी बसवलंस. त्याला राग आला होता. मला मात्र तेव्हाच कळलं, की तो शेजारी बसला असता तर मी जन्मात शिकले नसते. आणि तुझी ती शिकवणी! गाडीत आपण दोघीच, पण तुझ्या हिशेबी मागे एक आजीबाई उभ्या असायच्या, हातात अंड्यांची टोपली. क्लच झटक्यात सुटला की तू मागे वळून बघायचीस आणि कपाळाला हात लावायचीस, "गेली गं, पाच अंडी गेली." मी हसून हसून गाडी बंद पाडायचे. घामानं हात ओले, डोळ्यांत पाणी, आणि तू म्हणायचीस, "आजींची माफी माग आणि पुन्हा सुरू कर." तू कधी आवाज चढवला नाहीस. दिवसभर गर्दीत बस हाकून आलेली बाई, तिला घरी जाऊन पाय पसरून पडावंसं वाटलं नसेल? माझं लायसन हातात येईपर्यंत तू येत राहिलीस. "कप्तान" हे नाव मी तेव्हाच ठेवलं, ते तुझ्या डेपोतही गेलं.

त्या किल्लीनं काय काय उघडलं, हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. गाडी चालवता यायला लागल्यावर मी लांबची कामं घ्यायला लागले. नाटकघराचा मोठा पडदा मिळाला, हॉटेलांची कामं मिळाली, मग दवाखान्यांची. दादाला मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते, त्याच्या मित्रांकडे नेते, तळ्यावर फिरायला नेते. तो शेजारी बसतो आणि उजव्या पायानं ब्रेक दाबत राहतो, जिथे ब्रेक नाही तिथे. त्याच्या पायाखालची रबरी मॅट माझ्या टायरांच्या आधी झिजली. पण बसतो. घराबाहेर पडतो. ही तुझी करणी आहे.

तर टायरचं दुकान. भिंतीला टायरांच्या उतरंडी, रबराचा वास, आणि दर वाक्याला एखाद्या टायरला थाप मारणारे टायरवाले. त्यांनी आमच्या टायरच्या अंगावरचे आकडे वाचले आणि त्याच मापाचे तीन प्रकार पुढे मांडले. पहिले साधे, टणक, वर्षानुवर्षं टिकणारे. दुसरे तुझ्या दादाच्या स्वप्नातले: रुंद, चकचकीत, नुसते उभे असले तरी पळत असल्यासारखे. तिसरे बारमाही, पण जरा तेज जातीचे. दादा लगेच दुसऱ्यांपाशी गेला आणि त्यावर हात फिरवत उभा राहिला. तरुणपणी घ्यायचे राहून गेले होते म्हणे.

टायरवाले भले गृहस्थ. म्हणाले, "हे उन्हाळ्यात रस्ता सोडणार नाहीत. पण थंडीत सकाळी यांचं रबर कडक होतं, मग पकड जाते. साधे कुठेही चालतात, पण ओल्यात थांबायला वेळ घेतात. या बारमाहींचं रबर थंडीतही मऊ राहतं, या बारीक चिरा ओला रस्ता धरतात, मोठ्या खाचा पाणी बाहेर फेकतात. बाजूची भिंत ताठ आहे, म्हणून वळणावर गाडी झोकांड्या खात नाही. फक्त साध्यांपेक्षा लवकर झिजतील, ते आत्ताच सांगतो." मी आपली माझ्या धंद्यातली. मखमलीची लव बघावी तसा प्रत्येक टायरवर हात फिरवला, चिरा बोटानं उघडून पाहिल्या, कधी बनले ते विचारलं. मग विचारलं, यांत आवाज कुणाचा कमी, आणि खड्ड्यातून धक्का कुणाचा कमी बसेल. ते उत्तर द्यायला वळले ते दादाकडे. "साहेब, तुमचं चालवणं कसं असतं? कुठल्या रस्त्याला जास्त?" मला या गोष्टीची सवय आहे. दादानं तोंड उघडलं, आणि मला माहीत होतं, तो चकचकीतच मागणार.

मी त्याला बाजूला बोलावलं. हवा भरायच्या यंत्रापाशी उभं राहून मी त्याला एकच गोष्ट सांगितली. तो काठी टेकत रस्त्याच्या कडेपर्यंत गेला, पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी जवळ गेले नाही. परत आला तेव्हा चेहरा धुतलेला होता, शर्टाची कॉलर ओली होती. टायरवाले वाट बघत होते. तो त्यांना म्हणाला, "मला कशाला विचारता? गाडी ती चालवते. ती म्हणेल ते घाला." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं चारचौघांत कधी उच्चारलं नव्हतं. लोक विचारायचे, तर "सध्या ही चालवते" म्हणायचा. ते "सध्या" त्या दिवशी गळून पडलं.

मी बारमाही घेतले. गाडी जॅकवर चढली, जुने गोटे एकेक करून खाली आले, नवे बसले, बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं. टायरवाल्यांनी बजावलं, नवं रबर आहे, सुरुवातीला जपून. थोडे दिवस गावातच चालवली. काल पाऊस झाला, तेव्हा दादाला घेऊन मुद्दाम त्याच डोंगरावर गेले. त्याच उतारावर, मागेपुढे कुणी नाही असं बघून, ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. खिडकी खाली केली तर पाण्याची सळसळ तेवढी ऐकू येत होती. मी दादाकडे पाहिलं. त्याचा उजवा पाय मॅटवर शांत पडला होता. म्हणाला, "छान थांबली." मग त्यानंच मला म्हटलं, आता तिला लिही.

आता ऐक. त्या दिवशी डोंगरावर मी ज्या कामाला गेले होते, ते इस्पितळाचं होतं. कर्करोगाच्या उपचारांचा विभाग, खुर्च्यांच्या मधले पडदे. मी स्टुलावर उभी राहून कड्या अडकवत होते आणि पलीकडच्या ओळीत तू होतीस. दंडाला नळी, डोक्याला लोकरीची टोपी, मांडीवर घडी केलेला युनिफॉर्मचा कोट, डोळे मिटलेले. पाठदुखीची रजा म्हणालीस ना आम्हाला? मी खाली उतरले, हाक मारणार होते. पण तू ज्या अर्थी कुणाला सांगितलं नव्हतंस, त्या अर्थी तसं दिसणंही तुला नको असणार, म्हणून मागे फिरले. काम संपवून बाहेर आले, तर तू थांब्यावर खांबाला टेकून उभी. बस भरलेली आली. तू सगळ्यांना पुढे जाऊ दिलंस, शेवटी चढलीस आणि दांडा धरून उभी राहिलीस. तुला बसायला कुणी जागा दिली नाही, आणि तू कोण आहेस हे तू सांगितलं नाहीस. मी धावत गाडी काढली आणि त्या बसच्या मागे निघाले होते, तेव्हाच घसरले. कडेच्या खडीत बसून मी तुझी बस वळणाआड जाताना पाहिली. त्या टायरांवर तुला बसवायची माझी हिंमत झाली नसती. आता आहे. दादाला मी हेच सांगितलं होतं. तो तुझ्यावर रागावलेला नाही, फक्त विचारत होता, ती एकटी किती वेळा गेली असेल. इस्पितळात विचारलं तर त्यांनी तुझ्याबद्दल अक्षर सांगितलं नाही, बरोबरच केलं त्यांनी, पण तो विभाग मंगळवारी चालतो एवढं दारावर लिहिलेलं आहे. येत्या मंगळवारी सकाळी मी तुझ्या दारात येते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मंगळवारी. वाटेत बोलायचं नसेल तर बोलू नकोस, झोप. या पत्राला उत्तर नको. नाही म्हणायचं असेल तर खाली येऊन माझ्या तोंडावर म्हण; तोवर मी गाडी चालूच ठेवते.

तुझीच,
वहिनी