शुभांगीच्या हनुवटीवरची तीट

मखमलाबाद, नाशिक
१२ नोव्हेंबर २००३

चि. सौ. गोजरास थोरल्या भावाचे आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? थंडीत पहाटे नदीवर जाऊ नकोस. झेंडू दसऱ्यालाच संपला, शेवंती चालू आहे.

लिहायचे ते हे, की काल आपल्या शुभांगीने भाकरी खाल्ली. कुस्करून नाही, दुधात भिजवून नाही. पुढच्या दातांनी तुकडा तोडून! जबड्याच्या ऑपरेशननंतर किती दिवस दात बांधलेले, नुसती पेज आणि डाळीचे पाणी. नात वाळून गेली होती. आता झोपेत घोरतसुद्धा नाही, तर त्याचीही मला धास्ती वाटते.

खालचा ओठ आणि हनुवटी मात्र अजून बधिर आहे. चहा ओघळला तरी तिला कळत नाही, मी पुसतो. डॉक्टर म्हणतात, हळूहळू जाणीव येईल. सोमवारी ती पेपर वाचत बसली होती. चेहरा असा उजळलेला, की मला दृष्टीची भीती वाटली. चहा पुसता पुसता मी हनुवटीवर काजळाची तीट लावली. तिला पत्ताच नाही. तशीच कॉलेजला गेली. पोरी दिवसभर हसल्या. संध्याकाळी मी घाबरून गोठ्यात जाऊन बसलो. ती तिथेच आली. "आजोबा, मी काय पाळण्यात आहे का?" म्हणाली आणि हसत सुटली. तोंडावर ओढणी न घेता, गोजरा. एवढी मोठी झाली, पण तिचे दात मी पहिल्यांदा नीट पाहिले.

तू अजून आली नाहीस. कामे असतील, बसही वेळेवर नसते.

पण तुझा खंडेराव बाजारात भेटला. म्हणाला, आईने तुमच्या घराचे नावच टाकले आहे. शुभांगी जन्मली तेव्हा तिची हनुवटी बघून तूच म्हणालीस, माझ्यावर गेली. ती हनुवटी आम्ही मागे सरकवून घेतली, म्हणजे आम्हाला तुझे तोंड नकोसे झाले, असेच तुला वाटले ना?

काल घास हातात धरून शुभांगीने विचारले, "गोजराआजीला कळवलं का? तिचं तोंड वाईट म्हणून नाही केलं. मला चावता येत नव्हतं." कळवले नव्हतेच. म्हणून आज लिहितो आहे.

पोरगी छान दिसते. पण जेवताना समोर बघतो तर तिच्यात आपली आई दिसत नाही, तू दिसत नाहीस. तो चेहरा आता फक्त तुझ्याकडे उरला आहे. शनिवारी ये. शुभांगी स्टँडवर उभी राहील. तुला ओळखू आली नाही, तर तीच हाक मारील.

तुझे तोंड बघायला आसुसलेला,
तुझा दादा
गोटीराम