वार्निश वाळण्याआधी

मी, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात घालवलेला पेंटर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचं शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी मान्य केलं आहे. पुढचं वाचून त्यांनी मत बदलू नये, ही विनंती.

राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला, चिमणीला. मागच्या खोलीचं दार फुगलेलं आहे, खांद्याने ढकलावं.

ब्रश, रंग आणि भिंग कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याला. ब्रशाला टोक काढायला तो तोंडात धरू नये. माझी ती खोड शेवटपर्यंत गेली नाही.

आता कपाटातलं रोमन सैन्य. बोटाच्या पेराएवढे हे शिपाई, टेबलावर लढाईचा डाव मांडणारे लोक माझ्याकडून रंगवून घेत. रोमन माणूस काही मी पाहिलेला नाही, म्हणून काही शिपायांना ओळखीचे चेहरे दिले. न्हाव्याच्या हाती भाला दिला, पोस्टमनच्या हाती शिंग. शेवटचं वार्निश ज्या दिवशी वाळलं, त्याच दिवशी तो तो माणूस गेला. तेव्हापासून ओळखीच्या चेहऱ्याला मी वार्निश लावलं नाही.

पत्नीला हे थोतांड वाटे. "मलाही घ्या की तुमच्या फौजेत," असा हट्टच धरला, म्हणून निशाणवाला तिच्या चेहऱ्याचा केला आणि तसाच ठेवला. मेहुण्याला राहवलं नाही. "दाजी, रंग उडेल ना!" म्हणत त्याने परस्पर वार्निश मारलं. ते वाळलं तेव्हा ती चहा गाळत होती. गाळणी तिच्या हातातच राहिली.

मेहुण्याला माझ्या घरातलं काहीही मिळू नये. त्याच्या चेहऱ्याचा शिपाई वरच्या फळीवर आहे, वार्निश न लावलेला. त्याला कोणी हात लावू नये, मी इतका वाईट नाही. तो तिथे आहे, एवढं मात्र मेहुण्याला जरूर कळवावं.

चिमणीला यातलं काही सांगितलं नव्हतं. लहानपणापासून ती माझ्या शेजारी बसून रंगवायची, तिला या कपाटाची भीती वाटू नये असं वाटे. आज दुपारी मी डुलकी काढून उठलो, तर ती हात मागे लपवून उभी.

"बाबा, बघा, आईशेजारी कोण उभं आहे!"

तिचाच चेहरा. वार्निश ओलं.

मी थिनरने तो चेहरा पुसला. तिने खूप आरडाओरडा केला. "एवढी वाईट जमले होते का मी?" नाही गं, फार सुंदर जमली होतीस. इतका हुबेहूब चेहरा मला कधी साधला नाही. त्याच जागी मी माझा चेहरा काढला आणि वरून वार्निश लावलं. हे पुरेल की नाही, मला माहीत नाही. जीव मुठीत धरून बसलो आहे, माझा नव्हे, तिचा.

चिमणे, माझा शिपाई तुझ्या आईशेजारीच ठेव. स्वतःचा चेहरा पुन्हा काढू नकोस.

स्थळ: कामाची खोली.
दिनांक: आजचाच. वार्निश अजून बोटाला चिकटतं.

सही: पेंटर

साक्षीदार: चष्मेवाला

साक्षीदार: डॉक्टर. पेंटरांनी सही माझ्यासमोर केली. शिपाई आता कोरडा आहे. मुलगी सुखरूप आहे.