पाय जुळवून, डोळे मिटून

प्रिय ढाण्या,

फोन करत नाही, कारण तू तिकडून "हॅलो, हॅलो" ओरडणार, मी इकडून "कोण? कोण?" करणार आणि शेवटी आपल्या बायकाच तासभर गप्पा मारणार. मागच्या वेळी तेच झालं. तेव्हा कागदावर भेटू. कागदावर मी अजून खणखणीत आहे.

परवा माझी फेरतपासणी झाली, अपंगत्वाच्या पेन्शनसाठी कानाची आणि तोलाची असते ती. पहिल्या तपासणीचा फज्जा तुला ठाऊकच आहे. गुळगुळीत दाढी, चकाकणारे बूट, छाती पुढे. डॉक्टरांनी कसं काय विचारलं, तर मी म्हणालो, "एकदम फर्स्टक्लास!" त्यांचे ओठ बघून निम्मं समजून घेतलं, उरलेलं अंदाजाने ठोकलं. त्यांनी "वयोमानानुसार" असा एक शब्द लिहून मला वाटेला लावलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही तपासणीला गेला होतात की भरतीला?"

तो शब्द मात्र माझ्या डोक्यात गेला. वयोमानानुसार! अरे, तोफेशेजारी माझं वय उभं नव्हतं, मी उभा होतो. कानात कापसाचे बोळे कोंबून. सराव संपल्यावर जेवायला बसलो की ताटवाट्यांचा आवाज यायचा नाही, आणि आपण मूर्खासारखे हसायचो, आठवतं? विशीतली पोरं होतो आपण. मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा अर्ज केला.

मग घरात तालीम सुरू झाली. स्वयंपाकघरात बायको डॉक्टर होऊन खुर्चीवर बसायची, तोंडासमोर वर्तमानपत्र धरायची म्हणजे मला ओठ दिसू नयेत, आणि एकेक शब्द म्हणायची. ती "चाक" म्हणाली की मी "नाक" म्हणायचो, "दार" म्हणाली की "गार". एकदा "गाढव" म्हणाली, ते पहिल्या फटक्यात बरोबर आलं.

पण हे सगळं सोपं होतं रे. खरा अवघड धडा "ठीक आहे" न म्हणण्याचा. तिने टेबलावर पळी ठेवली होती. मी काही लपवलं की पळी आपटायची. न्हाणीघरात भिंत धरून का उभे राहता? "असंच." पळी. जिना आडवे होऊन का उतरता? "सवय." पळी. शेजारच्यांच्या घरी जेवायला का येत नाही? "मला कंटाळा येतो त्यांचा." दोनदा पळी. शेवटी मी भडकलो आणि बोलून गेलो की पायाखालची जमीन सरकते, खोली गरगरते, चार माणसं एकदम बोलली की नुसता कालवा ऐकू येतो, आणि मला भीती वाटते. एवढा संसार झाला, पण हा शब्द तिने माझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पळी काही आपटली नाही. ती उठली आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

तपासणीआधी चक्करच्या गोळ्या बंद ठेवायला दवाखान्याने सांगितलं होतं, नाहीतर खरं चित्र दिसत नाही म्हणे. त्या दिवसांत घराची होडी झाली होती. लेक म्हणाली, बाबा, एक गोळी घ्या, कोण बघतंय? मी म्हटलं, मी बघतोय.

परवा बूट चकाकवले नाहीत. बायकोचा हात धरून गेलो, भर रस्त्यातून, सगळ्यांच्या देखत. आधी त्या जाड दाराच्या काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. गेल्या वेळी मी अंदाजाने दाबत सुटलो होतो. या वेळी कानातली ती आपली जुनी शिट्टी ऐकत गप्प बसलो. बाहेरच्या मुलीला वाटलं, यंत्रच बिघडलं. आत येऊन तिने वायर तपासली. वायर ठणठणीत होती.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय जुळवा, डोळे मिटा. ढाण्या, बुटात बोटं घट्ट रोवून उभं राहण्याची युक्ती आपल्याला चांगली येते. कवायतीत भोवळ आली तरी आपण कधी पडलो नाही. परवा मी बोटं सैल सोडली. डोळे मिटले आणि तोडलेल्या झाडासारखा डावीकडे गेलो. चार हातांनी मला धरलं. असं आधी झालंय का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "रोज होतं. आणि डॉक्टर, वयाचं म्हणू नका. दोन्ही कानांचं वय सारखंच आहे. डावा आधी गेला, कारण तोफ डावीकडे होती." त्यांनी किती वर्षं, कुठली तोफ, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. निकाल यायचाय. नाही म्हणाले तर पुन्हा अर्ज करीन, पुन्हा जाईन, पुन्हा पडून दाखवीन.

आता मुद्द्याचं. तुझ्या बायकोने माझ्या बायकोला सगळं सांगितलंय. नातीला कडेवर घेऊन तू जिन्यावरून पडलास. पोरीला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, आणि तू सगळ्यांना सांगितलंस की चप्पल घसरली. तपासणीचं बोलावणं आलं, तर म्हणालास, भीक मागायला जाणार नाही. अरे, भीक कसली? आपलं गेलंय ते गेलंय एवढंच म्हणायचंय, आणि ते ताठ मानेने म्हणायचंय. तारीख गुरुवारची आहे ना? मी बुधवारीच येतोय, बायकोला आणि पळीला घेऊन. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून राहीन. तू आतून "जा" म्हणून ओरडशील ते मला ऐकू येणार नाही. पण त्याआधी एक काम कर. जिन्यावरून पडलास तेव्हापासून तू त्या पोरीला उचललेलं नाहीस. तिने तुझ्या बायकोला विचारलं, "आजी, मी खूप जड झालेय का?" तिला आजच जवळ बसवून खरं काय ते सांग. डॉक्टरांना गुरुवारी सांगितलंस तरी चालेल.

तुझाच,
तोफेपलीकडचा