आडोशाचे पाणी

रविवार, सायंकाळ. नाशिक.

सिद्ध करायचे ते इतकेच: आडोशाचा किनारा शांत असतो, आणि शांत असतो म्हणूनच घाण होतो.

कॉलनीमागे, धरणाच्या बॅकवॉटरला तीन बाजूंनी टेकाडांनी झाकलेला जो छोटा किनारा आहे, तिथे आज माझी नात सई पोहायला शिकणार होती. सून म्हणाली, "बाबा, इथे ना लाट ना ओढ. याहून सुरक्षित जागा कुठली?" विधान खरे, निष्कर्ष खोटा. लाट नाही म्हणजे आलेले काहीच परत जात नाही. काठाशी हिरवट फेस, तळाशी कुजका गाळ. सई किंचाळत बाहेर आली, तेव्हा तिच्या घोट्याला सडलेल्या झेंडूचा हार गुंडाळलेला होता. तो बुळबुळीत हार मीच सोडवला. बोटांचा वास साबणानेही गेलेला नाही.

काठावर म्हशी धुणाऱ्या बाईंना मी विचारले, "ही घाण टाकते कोण?"

"तुमच्याच कॉलनीचा टेम्पो येतो की, बाबा. निर्माल्य हितंच वततो. आता नाक कशाला दाबता?"

सई पुन्हा पाण्यात पाय घालायला तयार नाही. आणि तो हार... जेवतानाही डोळ्यांपुढून हलेना.

कबुली देतो. निर्माल्य नदीत नको, या संथ पाण्यात सोडावे, हा ठराव कॉलनीच्या सभेत मीच मांडला आणि विरोध करणाऱ्यांना युक्तिवादात हरवले. त्याआधी हे पाणी पाहायला मात्र मी एकदाही गेलो नव्हतो. चूक माझी.

— दत्तात्रय